शंभरातून सात

— बुधवार. तारीखही सांगितली असती, पण ती तुमच्या कागदावर तुम्हीच कोपऱ्यात लिहिली आहे आणि मला उलटं वाचता येतं, तेव्हा तिचे गुण मला देऊ नका. आयुष्यभर परीक्षक होतो, कॉपीचा तिटकारा आहे. आणि त्या खुर्चीवर नका बसू डॉक्टरबाई, तिथं उंट वाळताहेत. हो, बुद्धिबळातले. सकाळी तेलाचा हात दिलाय त्यांना. उचला की, बिनधास्त उचला — चालायला तिरके असले तरी स्वभावानं गरीब आहेत. तिकडे ठेवा, हत्तींच्या शेजारी. हां. आता बसा आणि पेनचं टोपण काढा, म्हणजे आपण दोघंही कामाला लागलो असं वाटेल.

दारात तुम्ही म्हणालात, सहज गप्पा मारायला आले — ते फार छान म्हणालात. पण सहज गप्पा मारायला येणाऱ्याच्या हातात छापील प्रश्न नसतात, आणि ज्याच्याशी गप्पा मारायच्या त्याच्या मुलाला तो खाली गाडीत बसवून येत नाही. नाही, राग कसला? उलट त्याला खाली बसवलंत हे उत्तमच केलंत. चिरंजीव इथं असते तर माझ्या प्रत्येक उत्तरावर त्यांनी तुमच्याकडे बघितलं असतं — हे असं, भुवया वर चढवून. पुलांची तपासणी करतो तो. छोट्या हातोडीनं खांब वाजवून बघायचा. आवाज बद्द आला की वाहतूक बंद. चांगला इंजिनिअर आहे, माझ्यावर नाही गेला. पण गेले काही महिने तो मलाही वाजवून बघतोय. आणि निर्णय त्याचा जवळजवळ झालाच आहे — तुम्ही तेवढं ‘बद्द’ असं लिहायचं, की रविवारी टेम्पो दारात. मी त्याच्याकडे, शहराच्या पार त्या टोकाला, अकराव्या मजल्यावर. सूनबाईंनी खोलीला रंगसुद्धा देऊन ठेवलाय, फिकट हिरवा, मनाला शांत करतो म्हणे. आणि हा सगळा पसारा — हे पट, ह्या सोंगट्या, हे फासे, आयुष्यभर वणवण करून गोळा केलेले — तो कॉलेजच्या तळघरात, खोक्यांमध्ये. सून गुणाची आहे हो, तिच्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही मला. पण मला जायचं नाही. का म्हणजे? घर माझं आहे म्हणून. आणखी कारण कशाला लागतं? विचारा पुढचं.

पाच शब्द? सांगा. दिवा, पूल, ससा, कात्री, निळा. म्हणजे हे आता लक्षात ठेवायचे आणि तुम्ही ते थोड्या वेळानं मला गाफील गाठून विचारणार. ठीक. ठेवले.

आणि हे काय — शंभरातून सात वजा करत जायचं? हा प्रश्न मात्र आवडला मला. पण तोंडी कशाला? तुमच्या मागे भिंतीवर बघा — मान नका मोडून घेऊ, खुर्चीच फिरवा. तो कापडी पट. मूळचा पट एका कुंभाराच्या घरी होता, वापरून वापरून त्याची घडी तेवढी शिल्लक राहिली होती. मी त्याच्या भट्टीशेजारी बसून ही नक्कल उतरवून घेतली. शंभर घरं आहेत. सापशिडी तुम्हीही खेळला असाल लहानपणी, पण ती छापखान्यातली, धुऊन-पुसून निर्मळ केलेली — साप का गिळतो आणि शिडी का चढवते, याचं कारणच तिच्यातून पुसून टाकलंय. मध्ययुगातल्या या पटांवर ते कारण लिहिलेलं असे. हे बघा, घराघरात एकेक गुण नाही तर दोष. दानाच्या घरात शिडी, लोभाच्या घरात साप. लहान मुलाच्या हाताला धरून त्याला सगळं नीतिशास्त्र एका पावसाळी दुपारी शिकवून टाकायची योजना. तर शंभर, हे सगळ्यात वरचं घर, मुक्ती. त्यातून सात गेले — त्र्याण्णव. त्र्याण्णव म्हणजे दया. तिथं ना साप ना शिडी, दयेचं बहुधा असंच असतं. आणखी सात गेले, शहाऐंशी. पुढे? पुढे चौदा.

का, थांबलात का? चौदाच. शहाऐंशीच्या घरात काय लिहिलंय वाचा. असत्य. हा काळा साप, त्याचं तोंड तिथं, आणि शेपूट पार खाली चौदाव्या घरात. सापाच्या तोंडात उभं राहून पुढची वजाबाकी करता येत नाही, आधी खाली उतरावं लागतं. तुमच्या कागदावर एकोणऐंशी छापलंय? मग कागद छापणारा कधी खेळलेला नाही. तर चौदातून सात गेले, सात. सातव्या घरात सोबत — आणि ही बघा केवढी शिडी, सगळ्या पटावरची सगळ्यात लांब, थेट अठ्ठावन्नला. आता तुम्ही ती फुली मारताय ना, ती जरा पेन्सिलनं मारा. तुमच्या पद्धतीनं हवंय? घ्या — त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बाहत्तर, पासष्ट, अठ्ठावन्न. झालं समाधान? आणि गंमत बघा, तुमच्या सरळ वाटेनं गेलो काय नि माझ्या वाकड्या वाटेनं गेलो काय, पोचलो आपण अठ्ठावन्नलाच. फरक एवढाच की मी मधे असत्याच्या सापावरून घसरलो आणि सोबतीच्या शिडीनं वर आलो. म्हणजे माझं सध्याचं — म्हणजे पटाचं. पटाचं वैशिष्ट्य सांगत होतो.

नाही, काही नाही, पटाबद्दलच बोलत होतो. त्यातली खरी गोम सांगतो, यावर माझं एक लांबलचक व्याख्यान आहे, तुम्हाला त्यातलं एकच वाक्य ऐकवतो. पटावर जो धडा लिहिलेला असतो तो खेळणारा कधीच शिकत नाही. शिकतो दुसराच. आता हेच घ्या — लिहिलंय काय, तर सद्गुणी माणूस वर चढतो. पण फाशाला कुठं कळतं कोण सद्गुणी? दाता आणि दरोडेखोर, दोघांच्याही हातात फासा तोच. मग पोर शिकतं काय? गिळला गेलास तर भोकाड पसरायचं नाही, मुकाट्यानं फासा पुढच्याच्या हातात द्यायचा. हा एक धडा. आणि दुसरा, त्याहून महत्त्वाचा — समोरच्याचं लक्ष नसेल तर सोंगटी एक घर पुढे सरकते. कुंभाराच्या घरच्या पटावर असत्याच्या आसपासची घरं बोटांनी घासून घासून पार फिकी झाली होती. काय समजायचं ते समजा.

किल्ली. हं. म्हणजे आता तुम्ही मुद्द्यावर आलात. चिरंजिवांनी तीन वेळा सांगितलं असणार तुम्हाला — तीन वेळा झालंच आहे, नाकारत नाही मी. हे दार ओढलं की आपोआप लागतं आणि बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. जोडकिल्ली त्याच्याकडे. मी फोन करतो, तो बिचारा अर्ध्यावर काम टाकतो, गर्दीतून वाट काढत अख्खं शहर ओलांडून येतो, मला दार उघडून देतो, आणि जाताना अशा नजरेनं बघतो की मला त्याच्या सगळ्या पुलांची दया येते. पहिल्यांदा खरंच राहिली. कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला गेलो, वारा आला, दार धाडकन बंद. अंगात बनियन, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. दुसऱ्यांदाही वाराच होता. म्हणजे, असावा. आणि तिसऱ्यांदा मी किल्ली फ्रीजवर ठेवली आणि — राहिली. फ्रीजवर राहिली. काय लिहिताय? ‘पहिल्यांदा खरंच’ असं म्हणालो का मी? त्यातला ‘खरंच’ काढून टाका. भाषेची सवय आहे ती, आम्ही व्याख्याते लोक अधूनमधून उगाच ‘खरंच’ घालतो.

तो येईपर्यंत कुठं थांबलो? जिन्यात. — आता जिन्यात म्हणजे, जिन्यानं वर. वरच्या मजल्यावर एक बाई राहतात, शिवणकाम करतात. ऐकू येतंय? ही घरघर — ही त्यांची मशीन, बरोबर या दिव्याच्या वर. माणुसकी म्हणून बसवून घेतात त्या. म्हातारा माणूस जिन्यात ताटकळत उभा राहिलाय, कोणीही बसवून घेईल. तुम्ही नसतं घेतलं? त्यात इतकं रोखून बघण्यासारखं काय आहे?

अच्छा, माझ्या विजारीकडे बघताय. आहे खरी आखूड. घोट्याच्या वर आलीय, कबूल. ती आधी बरोबर होती. मग मी ती त्यांच्याकडे आखूड करायला नेली. मग वाटलं फारच आखूड झाली, म्हणून उसवून लांब करायला नेली. तेव्हा त्या हसल्या — हसल्या म्हणजे तोंडात टाचण्या धरलेल्या होत्या, टाचण्या धरून जेवढं हसता येतं तेवढं — आणि म्हणाल्या, ‘प्रोफेसर, तुमचं एकदाचं काय ते ठरवा.’ मग ती तपकिरी नेली. मग राखाडी. मग कपाटात नेण्यासारखी विजार उरली नाही. शर्टाच्या कॉलरी उलटून झाल्या, उशांचे अभ्रे झाले, पडदे — ते पडदे बघा, त्यांना झालर आहे. मला झालर मुळीच आवडत नाही. आणि मग त्याच आठवड्यात तो वारा आला. पहिला. खरा. आणि मी बनियनवर, विजोड चपलांत, वर जाऊन उभा राहिलो, आणि पहिल्यांदा माझ्या हातात काहीही शिवायचं नव्हतं, आणि तरीसुद्धा त्या म्हणाल्या, ‘या, बसा.’

मला वाटतं तुम्ही शब्द विचारायचे विसरलात, डॉक्टरबाई. पाच शब्द. हा आळ आता माझ्यावर येणार नाही. कात्री, दिवा, पूल, ससा, निळा. क्रम चुकला? क्रम विचारला नव्हतात. कात्री आधी आली कारण — आठवली आधी. आणि कात्रीवरून आठवलं, तुम्हाला तुमची जागा दाखवायची राहिली. त्या उंटांच्या रांगेत प्यादी आहेत ना, ती जवळ घ्या. मध्ययुगात दूर देशी एक धर्मोपदेशक होऊन गेला, त्यानं बुद्धिबळावरून प्रवचनं दिली. राजानं कसं असावं, सरदारानं कसं असावं, हे सगळे सांगतात. यानं आठही प्याद्यांना एकेक धंदा वाटून दिला. शेतकरी, लोहार, व्यापारी, खानावळवाला. तुमचं ते — ज्याला आपण वजीर म्हणतो त्याच्या जागी तिकडे राणी असते, तिच्या पुढ्यात उभं असलेलं प्यादं म्हणजे वैद्य. एका हातात ग्रंथ, दुसऱ्यात औषधाची बाटली. फार मानाची जागा, पण शेवटी प्यादंच, आणि मागे फिरायची सोय नाही. आणि हे, इकडचं, माझं लाडकं. याच्या हातात कात्री आणि कानावर लेखणी. का? तर लिहिणारा कातड्यावर लिहितो आणि शिवणारा लोकरीचं शिवतो, दोघांचं पोट जनावराच्या पाठीवर. म्हणून त्या सद्गृहस्थांनी दोघांना एकाच प्याद्यात कोंबलं. लेखणीवाला आणि कात्रीवाली, एका चौकोनात, शेकडो वर्षं. मी हे तिला सांगितलं तर म्हणाली, ‘अडचण होत असेल हो.’ इतकंच. आणि कापड कापायला लागली.

तिला म्हणालो का मी? त्यांना. त्यांना सांगितलं.

ठीक आहे. तो पेन खाली ठेवा मिनिटभर, मग सांगतो. नाही, आधी ठेवा. — त्यांच्याकडे कापड बेतायचं मोठं टेबल आहे. त्यावर त्यांनी पहिल्या दिवशी, मी बनियनवर बसलो होतो आणि बोलायला काही सुचत नव्हतं तेव्हा, खडूच्या वडीनं तीन चौकोन काढले, एकात एक. मधोमध जोडरेषा. मी ओरडलोच — ‘नवकांकरी!’ दगडी पायऱ्यांवर, देवळांच्या ओट्यांवर, मठांच्या बाकांवर, प्रार्थना चालू असताना कंटाळलेल्या लोकांनी कोरून ठेवलेला हा खेळ, जगभर. मी त्याचे ठसे घेत अर्धं आयुष्य घालवलं, गुडघे त्यापायीच गेले माझे. आणि यांना तो आजीनं शिकवलेला. नऊ काळी बटणं त्यांची, नऊ पांढरी माझी. तीन एका रेषेत आली की समोरच्याचं एक उचलायचं. मी म्हणालो, या खेळावर माझे तीन निबंध आहेत. त्या म्हणाल्या, ‘मग तुम्ही आधी खेळा.’ आणि डॉक्टरबाई, चहा निवायच्या आत माझी सात बटणं त्यांच्या डबीत होती. तीनही निबंधांसकट.

त्या खेळात एक नियम आहे, फार जुना, आणि मला तो कुठल्याही धर्मग्रंथाहून थोर वाटतो. बटणं जास्त असली की शेजारच्याच जागी सरकायचं, रेषा धरून, शिस्तीत. पण मार खात खात तीनच उरली की कुठूनही कुठंही उडी मारायची मुभा. ज्याचं जवळजवळ सगळं गेलं, त्यालाच मोकळीक! मी हे वर्गात सांगायचो तेव्हा पोरं लिहून घ्यायची आणि मी पुढे सरकायचो. त्या टेबलापाशी मात्र मला — तुम्ही पेन पुन्हा उचललात. बरं.

एका विधुरानं, या वयात, काही कारण नसताना रोज दुपारी एका बाईच्या दारात उभं राहायचं? तुम्हाला या इमारतीतले लोक माहीत नाहीत. तळमजल्यावरचे निवृत्त बँकवाले जिन्यातल्या पावलांच्या आवाजावरून माणूस ओळखतात. माझं जाऊ द्या, मी बदनाम झालो तर त्यात मौजच आहे, इतक्या उशिरा ती संधी कुणाला मिळते? पण त्यांच्याकडे गिऱ्हाइकं येतात, बायका येतात, जिभा सगळ्यांना असतात. बाहेर अडकलेला विसराळू म्हातारा मात्र कोणाच्याही दारात चालतो. मुलाला फोन तीनदाच केला; बाकीच्या दुपारी ‘किल्ली सापडत नाही’ म्हणत वर जायचं आणि चहा झाला की ती खिशातच सापडायची. हे असं आहे. आता लक्षात आलं? मला विसरायला होत नाही, डॉक्टरबाई. मला प्रत्येक सोंगटी कुठल्या गावची, कुणाच्या हातून घेतली, हे आठवतं. तुम्ही दाराशी आलात तेव्हा तुमच्या डाव्या चपलेचा बंद सुटलेला होता आणि तुम्ही तो जिन्यात उभ्या राहून लावलात, हेही सांगतो, दाराच्या भिंगातून बघत होतो. पण हे चिरंजिवांना सांगायचं नाही. नाही म्हणजे नाही. त्याला कळलं तर तो पहिला वर जाईल आणि त्यांची माफी मागेल, माझ्या वतीनं, औपचारिक! मग मी त्या टेबलापाशी कोणत्या तोंडानं बसू? तुम्ही असं लिहा — विसराळू, पण निरुपद्रवी. घरी राहण्यास योग्य. अधूनमधून वारा.

घड्याळ काढू? काढतो. ह्या कागदावर? अकरा वाजून दहा मिनिटं. हे वर्तुळ, हे आकडे — बारा, तीन, सहा, नऊ — आणि हे काटे. घ्या. काय झालं? अकरा दहा नाहीये? हे… सव्वातीन झाले. हो, सव्वातीन काढलेत मी. अहो, ही चूक नव्हे, ही सवय. सव्वातीनला वरची मशीन थांबते, त्या चहा टाकतात. फुली मारा, मारा. एवढी एक फुली मी कमावली आहे.

आणखी काय उरलंय? विचारा. — खेळताना खेळी कुणाची हे विसरता का? नाही हो. म्हणजे, विसरतो असं म्हणतो. ती युक्ती आहे. डाव अंगावर आला की मी चष्मा पुसायला घेतो, चष्मा पुसून झाला की चेहरा भाबडा करतो आणि विचारतो, ‘खेळी माझी का?’ नसतेच ती माझी. पण त्या म्हणतात, ‘असू दे, तुमचीच.’ मध्ययुगीन फसवणुकींवरही माझा एक छोटा लेख आहे, त्यात ही नव्हती, ही माझी स्वतःची भर. कधी मुद्दाम कालचाच डाव आज चालू आहे असं दाखवायचं, कधी त्यांचंच काळं बटण आपलं म्हणून उचलायचं —

थांबा.

हा प्रश्न कुठून आला? किल्लीचं चिरंजिवांनी सांगितलं, ते ठीक. चपलांचं त्यानं स्वतः बघितलं. पण मी कुणाबरोबर खेळतो हे त्याला माहीतच नाही. तो प्रश्न तुमच्या छापील कागदात नाही, मला उलटं वाचता येतं, तो खाली शाईनं लिहिलाय. खेळी विसरतो, दुसऱ्याचं बटण आपलं समजतो — हे जगात एकाच माणसाला दिसलेलं आहे. नाही, तुम्ही नाव घेऊ नका, तुमचं व्रत मोडायचं नाही मला. तुम्ही नुसतं खाली बघितलंत, तेवढं पुरे.

म्हणजे फोन तिनं केला. तिनं माझ्या मुलाला शोधून काढलं, त्याचा नंबर मिळवला — जोडकिल्ली घेऊन आला तेव्हा घेतला असेल — आणि सांगितलं, तुमच्या वडिलांचं काहीतरी बिघडतंय, बघा. मला वाटत होतं मुलगा मला वाजवून बघतोय. हातोडी तिच्या हातात होती.

काय म्हणाली? रडत होती? नका सांगू.

आणि… अरे देवा. अहो, एक मिनिट. गेल्या महिन्यापासून मी जिंकतोय. ओळीनं जिंकतोय. काळी बटणं भराभर माझ्या हाती लागतात, ती नको तिथं ठेवते आणि म्हणते, ‘बघा, कसे हरवता मला.’ मला वाटलं, मला एक चाल सापडली. कोपऱ्याची चाल! मी तिचा नकाशा काढला, टिपण तयार केलं, आकृत्यांसकट, इतक्या शतकांत कुणाच्या लक्षात न आलेली चाल म्हणून नियतकालिकाकडे पाठवलंसुद्धा. संपादकांचं पत्र आलंय, कौतुकाचं. पुढच्या अंकात छापताहेत. आणि ती चाल म्हणजे — ती चाल म्हणजे दुसरं काही नाही, एक बाई एका आजारी माणसाला जिंकू देत होती.

हसा. हसा, मीही हसलो असतो. पटावर लिहिलेला धडा खेळणारा शिकत नाही म्हणे. व्याख्यान देतो मी यावर!

नाही, पाणी नको. मला काही झालेलं नाही. तुमचा कागद द्या इकडे — नको, राहू दे, तुम्हीच लिहा, काय वाटेल ते. ठणठणीत लिहा. लबाड लिहा. त्या अकराव्या मजल्याचं मग बघू, चिरंजिवांशी मी बोलेन, सगळं सांगेन, त्याच्या भुवया टाळूपर्यंत गेल्या तरी चालतील. पण त्याच्या आधी नाही. आधी जिला मी घाबरवलंय तिला कळलं पाहिजे की मी शुद्धीवर आहे, आणि होतो, आणि तरी रोज येत होतो. हे कसं सांगायचं म्हणता? दारात काय म्हणू? शिवायला काही आणलं नाही, वारा नव्हता, अडकलो नाही — मग का आलात, असं तिनं विचारलं तर? तुम्ही बाई आहात, तुम्हाला काय ऐकायला — नाही, नका सांगू. त्यालाही कॉपीच म्हणतात.

उठा. खरंच उठा आता, डॉक्टरबाई. ऐका — घरघर थांबली. तुमची पर्स त्या हत्तींच्या मागे आहे. खाली जाऊन माझ्या मुलाला सांगा, अजून दोन डाव थांब म्हणावं, गाडीचं इंजिन बंद कर. नाही, माझ्याबरोबर कुणी येऊ नका. एक जिना मला चढता येतो. सरका जरा, दारातून सरका — ती दुसऱ्या कपात चहा ओतायच्या आत मला वर जाऊन हरायचंय.